मजुरीच्या पुढची पायरी

आषाढ सरत आला की आमच्या मुळगावात माळ्यावरचे पाट खाली उतरतात. धूळ पुसायची, कडेला रंगवलेलं आडनाव अजून वाचता येतंय ना ते बघायचं आणि पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कामाच्या जागी, नेऊन द्यायचा. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे आणि तळकोकणात मूर्ती दुकानातून निवडून आणायची पद्धत अलीकडची. जुनी रीत अशी की घरचा पाट मूर्तिकाराकडे आधी पोचता करायचा, त्यानं त्याच पाटावर मूर्ती घडवायची आणि चतुर्थीला ती पाटासकट घरी आणायची. भिंतीला टेकवून ठेवलेले पाट मोजले की यंदा किती मूर्ती करायच्या ते मूर्तिकाराला कळतं. ऑर्डरची वही वेगळी लागत नाही.

पाट देताना पुष्कळ जुन्या घरांत किंमत विचारायची चाल नाही. मूर्तिकारही आपणहून सांगत नाही. मूर्ती न्यायच्या दिवशी विडा, नारळ आणि पैसे ठेवायचे. किती? गेल्या वर्षी दिले त्याहून थोडे जास्त.

गेल्या श्रावणात पाट द्यायला गेलो तेव्हा मूर्तिकार गणपतीच्या सोंडेला ओल्या फडक्यानं हात फिरवत होते. मी सहज विचारलं, यंदा माती कशी पडली. ते म्हणाले, "बाब, माती, रंग, ब्रश, सगळं पावसाच्या तोंडावर रोखीनं घ्यावं लागतं. पैसे येणार चवथीला. मधले दोन महिने घरातल्या बायलेच्या सोन्यावर निघतात." मग काही उरतं का, असं विचारल्यावर फडकं पिळत म्हणाले, "हाताला मजुरी पडते."

ते तीन शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत. कारण पंधरा वर्षं मीही सुटी कामं करत होतो. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, शाळांच्या स्मरणिका, देवस्थानांचे अहवाल. घरात संगणक, बाहेर 'अक्षरजुळणी व मांडणी' अशी पाटी. विचारणाऱ्याला मी सांगायचो, धंदा चांगला चाललाय. खरं तर धंदा नव्हताच. हाताला मजुरी पडत होती.

मजुरी आणि नफा या दोन गोष्टी आपण एकाच खिशात टाकतो आणि तिथंच हिशेब चुकतो. दिवसभर राबल्याबद्दल जे मिळतं ती मजुरी. ती नोकराला मिळते, सुट्या कामाच्या माणसाला मिळते आणि मालक स्वतः राबत असेल तर त्यालाही मिळायला हवी. नफा म्हणजे सगळ्यांची मजुरी, स्वतःचीसुद्धा, वजा केल्यावर उरतं ते. ओळखायची खूण सोपी आहे. हातात असलेलं एखादं काम उद्या दुसऱ्या कुशल माणसाकडून चालू दरानं करून घेतलं, तर गिऱ्हाइकाच्या पैशांतून आपल्यासाठी काही शिल्लक राहील का? राहत नसेल, तर आजवर आपण फक्त मजुरी घेत आलो. त्यात कमीपणा काही नाही. पण तिला धंदा म्हणून त्यावर कर्ज काढणं, जागा घेणं, दोन माणसं ठेवणं धोक्याचं आहे.

दर ठरवतानाच पहिली चूक होते, म्हणून ती आकड्यांनी दाखवतो. समजा घराला महिन्याला ३० हजार रुपये लागतात. माणूस काय करतो? ३० दिवस, रोजचे ८ तास, म्हणजे २४० तास. भागाकार केला की तासाला १२५ रुपये. हा दर त्याला रास्त वाटतो, गिऱ्हाइकाला तर फारच रास्त वाटतो. आता खरा महिना बघू. रविवार, सण, जत्रा, आजारपण जाऊन कामाचे दिवस उरतात २४. त्यांतले ८ दिवस गिऱ्हाइकांना भेटणं, नमुने दाखवणं, म्हापशाला जाऊन छापखान्यात बसणं आणि उधारी मागत फिरणं यांत जातात. त्याचे पैसे कोणी देत नाही. उरले १६ दिवस. रोज मन लावून काम होतं ते सहा तास. एकूण ९६ तास. आणि पैसे फक्त घरखर्चाचे पुरत नाहीत. वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर, यंत्राची झीज मिळून १० हजार धरा. रिकाम्या महिन्यांसाठी ८ हजार बाजूला टाका, कारण लग्नसराई संपल्यावर आमच्या धंद्यात चतुर्थीपर्यंत शुकशुकाट असतो. बेरीज ४८ हजार. भागिले ९६. तासाला ५०० रुपये.

१२५ आणि ५००. एकाच माणसाचा, एकाच घरखर्चाचा हिशेब, आणि फरक चौपटीचा. बरं, या ५०० मध्येही नफा नाहीच. ही नुसती नीट मोजलेली मजुरी आहे. हा हिशेब पहिल्यांदा मांडला त्या रात्री मला झोप लागली नाही. इतकी वर्षं रात्री जागून केलेली कामं कुणाला किती स्वस्तात पडली ते त्या कागदावर दिसत होतं.

सुट्या कामाची दुसरी मर्यादा दराहून मोठी आहे. दर कितीही वाढवला तरी तास वाढत नाहीत. हात दोनच. मग पुढं जायचं कसं? याचं उत्तर मला एका अशा माणसाच्या आयुष्यात सापडलं, ज्याच्या आडनावातच आमचं गाव आहे.

रघुवीर शंकर मुळगावकर. जन्म १९१८, आमच्या शेजारच्या अस्नोड्याला. मुंबईत चित्रकार एस. एम. पंडितांच्या हाताखाली त्यांनी काम केलं, मग स्वतःचा स्टुडिओ काढला. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मराठी घरात वाढलेल्या माणसाला त्यांची चित्रं वेगळी दाखवावी लागत नाहीत. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठं, मासिकांची वेष्टनं, दिवाळी अंक आणि कॅलेंडरांवरचे देव. भिंतीवरच्या कॅलेंडरातला मुळगावकरांचा कृष्ण वर्ष संपल्यावरही लोक काढत नसत. तारखांचा भाग कापून चित्र चौकटीत जायचं. १९७६ साली ते गेले.

चित्रकार हा सुट्या कामाचा सगळ्यांत जुना नमुना. प्रकाशक येतो, मुखपृष्ठ सांगतो, पैसे देतो, जातो. पुढचं काम मिळेपर्यंत चित्रकार मोकळा. शिवाय चित्रकाराचा हात दुसऱ्याला देता येत नाही. मुळगावकरांचा कृष्ण दुसऱ्यानं काढला तर तो मुळगावकरांचा राहत नाही. मग वाढ कुठून होणार? ती छपाईतून झाली. चित्र एकदाच काढायचं, पण ते छापलं जातं हजारोंनी. सुट्या चित्राचे पैसे मिळाले की व्यवहार संपतो, अंक स्वतःचा असला की प्रत्येक विकलेली प्रत आणि जाहिरातीचं प्रत्येक पान त्याच चित्राच्या जोरावर पैसे आणतं. मुळगावकरांनी स्वतःचे दिवाळी अंक काढले ते मी या नजरेनं बघतो.

याच वाटेनं जाणारा दुसरा मोठा चित्रकारही गोव्याचाच. दीनानाथ दलाल, जन्म १९१६, मडगाव. त्यांनीही आधी दुसऱ्यांसाठी अगणित मुखपृष्ठं केली, 'दलाल आर्ट स्टुडिओ' उभा केला आणि १९४५ साली 'दीपावली' हा स्वतःचा अंक सुरू केला. १९७१ साली दलाल वारले, तोवर 'दीपावली' मराठी घरांत रुजलेला होता. अंक काढणं म्हणजे नुसतं चित्र काढणं नव्हे. लेखक गोळा करायचे, जाहिराती मिळवायच्या, कागद घ्यायचा, विक्रेत्यांकडून वसुली करायची. चित्रकाराला यातलं काहीच आपोआप येत नाही. ते ठरवून अंगावर घ्यावं लागतं.

पेडण्याची हद्द ओलांडली की सिंधुदुर्ग. तिथल्या मालवणचे जयंतराव साळगावकर. वर्तमानपत्रांत ते राशिभविष्य लिहायचे, शब्दकोडी रचायचे. म्हणजे दर मजकुरामागे मानधन. १९७३ साली त्यांनी 'कालनिर्णय' काढलं. तिथी, सण, मुहूर्त यांचं जे ज्ञान ज्योतिषी एकेका माणसाला समोर बसवून सांगतो, ते एका कागदावर छापून घरोघर गेलं. पुढं ते कितीतरी भाषांत निघालं. या कल्पनेतली मला सगळ्यांत थोर वाटते ती एक बाब: कॅलेंडर दर वर्षी नव्यानं विकत घ्यावं लागतं. गिऱ्हाईक दर जानेवारीला परत येतं, त्याला पुन्हा शोधायला जावं लागत नाही.

या तिघांकडे बघितलं की सुट्या कामातून ठरवून धंद्याकडे जायच्या दोन वाटा दिसतात. एक, आपलं काम एकदा करून अनेकदा विकता येईल अशी वस्तू बनवायची. दुसरी स्टुडिओची, म्हणजे आपली रीत इतरांना शिकवून त्यांच्याकडून काम करवून घ्यायची. पहिली वाट धरायची तर आपल्या कामाची मालकी आपल्याकडे आहे का ते आधी तपासलं पाहिजे, आणि इथं आपले लोक फार बेसावध असतात.

१९५७ चा कॉपीराइट कायदा चित्रकार आणि छायाचित्रकारांना सोपा नाही. कोणी पैसे देऊन चित्र, व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र करवून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक करवून घेणारा ठरतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्या मुलांना हे माहीत नसतं. लेख, भाषांतर किंवा संगणकाचा प्रोग्रॅम यांचं तसं नाही. नोकरीत नसलेल्या माणसानं ते केलं, तर हक्क त्याच्याकडेच राहतो आणि लेखी सही करून दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. सही केलेल्या त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. म्हणून कामाआधीच्या चिठ्ठीत एक ओळ घालायची: छापायचा हक्क किती प्रतींचा, किती काळाचा. त्या एका ओळीवर पुढची दहा वर्षं ठरू शकतात.

दुसरी वाट माझ्या वाट्याला आली, म्हणून तिच्याबद्दल अनुभवानं सांगतो.

कामं वाढली तेव्हा जवळच्याच गावातली एक मुलगी मदतीला घेतली. हुशार, हात चपळ. पहिल्या महिन्यात तिनं केलेली प्रत्येक पत्रिका मी पुन्हा बसून केली. तिचा पगार गेला, माझा वेळही वाचला नाही. चिडून म्हणायचो, याहून एकट्यानं केलेलं बरं. सुटी कामं करणारे बहुतेक जण याच जागी मागे फिरतात. चूक तिची नव्हती. पत्रिका कशी तपासायची ते फक्त माझ्या डोक्यात होतं.

एका रविवारी मी ते कार्डावर उतरवलं. माथ्यावर कुलदेवतेचं नाव आणि ते त्या घराण्याच्या रीतीनं लिहिलंय का: केळबाय की केळबाई, लईराई की लैराई. तिथी, वार आणि तारीख तिन्ही एकमेकांशी जुळतात का. मुहूर्त सकाळचा की दुपारचा, १२ वाजून काही मिनिटांचा असेल तर विशेष बघायचं. ज्येष्ठ चिरंजीव की कनिष्ठ. वारलेल्या माणसाच्या नावामागं 'कै.' लागलंय का, आणि जिवंत माणसाच्या नावामागं चुकून लागलेलं नाही ना. (हे एकदा घडलं होतं. त्या घरी जाऊन मी हात जोडून माफी मागितली.) निमंत्रकांच्या नावांचा क्रम घरच्या मोठ्या माणसाला वाचून दाखवला का. शेवटी फोन नंबर स्वतः फिरवून बघितला का. अशी चौदा कलमं झाली. कार्ड तिच्या टेबलासमोर चिकटवलं. पुढच्या महिन्यात माझ्या नजरेखालून न जाता पहिली पत्रिका छापखान्यात गेली आणि बिनचूक आली.

माझा धंदा त्या दिवशी सुरू झाला असं मी मानतो. पाटी पंधरा वर्षांची होती, पण रीत डोक्यातून कागदावर आली त्या दिवशी काम माझ्याशिवाय होऊ लागलं. मूर्तिकारांच्या शाळेतही हेच असतं. मुलगे माती मळतात, हात-पाय घडवतात, पुतण्या मुकुट चढवतो, डोळे मात्र थोरला लिहितो. कुणी काय करायचं आणि शेवटचा हात कुणाचा हे तिथं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. कारागिरीच्या बाजूनं ती शाळा पक्का कारखाना आहे. कच्ची आहे ती पैशाची बाजू.

कामं नाकारायलाही शिकावं लागलं. पन्नास व्हिजिटिंग कार्डं, एका पानाचा अर्ज, 'जरा फोटोवरचा डाग काढून दे', असल्या कामांना नाही म्हणताना जीव खाली-वर व्हायचा, कारण गावात नाही म्हटलं की माणूस दुखावतो. मी त्यांना म्हापशातल्या दुसऱ्या दुकानाचं नाव सांगू लागलो. त्याऐवजी लग्नाचा एक संच ठरवला: पत्रिका, हळदीचं निमंत्रण, देवकार्याचं पत्रक आणि आहेराची पाकिटं. एक किंमत, दोन वेळा दुरुस्ती, तिसऱ्या दुरुस्तीला वेगळे पैसे. तासाचा दर गिऱ्हाइकाला सांगणं त्या दिवसापासून बंद झालं. गिऱ्हाइकाला माझे तास नकोच असतात, त्याला वेळेवर हातात पडलेली पत्रिका हवी असते.

आता गिऱ्हाइकाबद्दल. डिचोली तालुक्याला हा धडा कुणी शिकवायची गरज नाही, तो आमच्या अंगणात घडला. खाणी जोरात होत्या तेव्हा मुळगाव, शिरगाव, लामगाव, पिळगाव भागांत कर्ज काढून ट्रक घेतलेली घरं पुष्कळ होती. ट्रक स्वतःचा, म्हणजे माणूस मालक. पण माल एकाच प्रकारचा, वाट एकच आणि भाडं देणाराही एकच. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. पुढं काम सुरू झालं आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालानं ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द होऊन मार्चच्या मध्यात पुन्हा बंद पडलं. २०२४ मध्ये डिचोलीच्या ब्लॉकमध्ये खाणकाम परत सुरू झालं. मधल्या वर्षांत दारात उभ्या असलेल्या ट्रकांचे टायर मातीत रुतलेले आम्ही बघितलेत. खाण असावी की नसावी, शेतांचं आणि पाण्याचं काय, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे, त्यात मी इथं शिरत नाही. धंद्याच्या हिशेबानं एवढंच सांगतो की ज्याचं सगळं उत्पन्न एका दारातून येतं तो ट्रकाचा मालक असला तरी परिस्थितीनं रोजंदारीवरच असतो. बंगळुरूच्या एकाच कंपनीसाठी घरी बसून काम करणाऱ्या आमच्या मुलांना मी हेच बजावतो. माझा स्वतःचा नियम असा की एका गिऱ्हाइकाकडून वर्षाच्या उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त येऊ लागलं की नवीन गिऱ्हाईक शोधायला लागायचं. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत चालू झाल्यापासून पेडण्यात नवी कामं येताहेत. तिथल्या मुलांनीही हा नियम आत्ताच लावून घ्यावा.

यापुढचा मुद्दा फक्त गोव्याचा आहे आणि त्यावर पुरेसं बोललं जात नाही. आपल्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता कुटुंबविषयक बाबतींत अजून लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा. प्राप्तिकराच्या कायद्यानं ही गोष्ट मान्य करून वेगळी तरतूद ठेवली आहे: ही पद्धत लागू असलेल्या जोडप्याचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत समान वाटायचं आणि आपापल्या विवरणपत्रात दाखवायचं. म्हणजे नवरा नोकरीत असला तर पगार त्याच्या एकट्याचा. त्यानं नोकरी सोडून सुटी कामं किंवा धंदा सुरू केला की त्या उत्पन्नातलं अर्धं कायद्यानं बायकोच्या नावावर. बायकोनं घरी शिवणाचं किंवा खाजं-चिवड्याचं काम सुरू केलं तर तिचं अर्धं नवऱ्याच्या नावावर. कर भरताना याचा फायदा होऊ शकतो, कारण एक मोठी रक्कम दोन लहान रकमांत विभागली जाते. सल्लागार गोव्याबाहेरचा असेल तर त्याला हे सांगावं लागतं.

मला त्यातला दुसरा अर्थ जास्त मोलाचा वाटतो. घर तारण ठेवायचं तर दोघांची सही लागते. त्या मूर्तिकाराची माती जिच्या सोन्यावर येते ती बाई त्या शाळेत निम्म्याची भागीदार आहे, मग तिचं नाव कुठल्या पाटीवर असो वा नसो. म्हणून सुट्या कामातून धंद्यात जायचा निर्णय एकट्यानं घ्यायचा नसतो. माझ्या घरात तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला आणि पहिला प्रश्न बायकोनं विचारला: "दर महिन्याला घरात ठरावीक किती येणार ते सांग." मग धंद्याचं खातं वेगळं उघडलं आणि त्यातून एक तारखेला घरात पगार यायला लागला. लग्नसराईतल्या पैशांनी घरात काही वाढत नाही, पावसात काही कमी होत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण लोक त्यालाच सगळ्यात जास्त घाबरतात आणि ते सगळ्यात सोपं आहे. 'उद्यम' नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे, आधार नंबरावर घरबसल्या होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. गावात गाळा किंवा घराचा भाग धंद्याला वापरायचा तर पंचायतीची परवानगी बघावी लागते. सेवा देणाऱ्याला जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेल्यावर सक्तीची होते. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला सेवा दिली म्हणून ती मर्यादा कमी होत नाही. एकल मालकीत धंद्याचं कर्ज आणि घरचं कर्ज कायद्याला एकच, हे मात्र ध्यानात असू द्यावं.

उद्यम नोंदणीचा एक उपयोग मी उशिरा शिकलो. एका संस्थेच्या स्मरणिकेचे पैसे मला आठ महिन्यांनी मिळाले होते, तेही खेपा घालून. त्या वेळी माझ्याकडे ना करार होता ना नोंदणी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा सांगतो की नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघुउद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्यानं ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत लेखी करारानंही ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ व्याज. आता माझ्या प्रत्येक बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही मुदत छापलेली असते. भांडायची वेळ अजून आली नाही. पैसे मात्र लवकर येतात.

सगळ्यांनीच धंदा करावा असं माझं म्हणणं नाही. उत्तम पेटीवादक, उत्तम भाषांतरकार, चार निवडक विद्यार्थ्यांना शिकवणारा मास्तर यांनी सुटंच काम करावं, त्यात त्यांचं सुख आहे. त्यांनी दर तेवढा नीट मोजून घ्यावा. ज्याला धंदा करायचाय त्याला हे कबूल करावं लागतं की आवडतं काम हातातून कमी होणार. दिवसाचा अर्धा वेळ शिकवण्यात, हिशेबात आणि माणसं सांभाळण्यात जाणार. मला आजही अक्षरं जुळवायला आवडतं. आठवड्यातून एकच दिवस ते करायला मिळतं.

त्या मूर्तिकारांना मी नंतर भेटलो. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत जे १८ पारंपरिक व्यवसाय आहेत त्यांत मूर्तिकार आणि कुंभार दोघेही येतात. पहिलं कर्ज एक लाखापर्यंतचं, पाच टक्के व्याजानं आणि तारणाशिवाय. त्याची माहिती मी त्यांना काढून दिली. मग आम्ही दोघांनी बसून एका मूर्तीचा हिशेब मांडला: माती, रंग, मुलग्यांचे दिवस, त्यांचे स्वतःचे दिवस, जागा. आलेला आकडा बघून ते बराच वेळ गप्प राहिले. "एवढे कोण देणार?" म्हणाले.

आपण द्यायचे. यंदा पाट घेऊन शाळेत जाल तेव्हा किंमत तिथंच विचारा. मूर्तिकार संकोचानं कमी सांगतील, त्यांना पुन्हा विचारा. आणि ठरलेल्या रकमेतली अर्धी पाटाबरोबरच त्यांच्या हातात ठेवा, म्हणजे माती रोखीनं येईल आणि घरातलं सोनं घरात राहील.